गावी डोक्याला मार, इथे ऑपरेशनची तारीख

गणपतीला गावी गेलेल्या माणसाची कशेडी नाहीतर आंबेनळी घाटात मोटरसायकल घसरते, शेवाळलेल्या अंगणात पाय सटकतो. महाडला सीटी स्कॅन होतो, रक्तस्राव नाही म्हणतात, मुका मार म्हणून घरी सोडतात. माणूस लंडनला, टोरांटोला किंवा न्यू जर्सीला परत येतो आणि कित्येक महिने वाट पाहून मिळालेली हर्नियाची किंवा गुडघ्याची तारीख समोर असते. ती हातची जाऊ नये म्हणून तो डोक्याचं बोलतच नाही. महाड-पोलादपूरहून येऊन इथे रुळलेल्या आम्हा घरांचं नव्याने आलेल्यांना पहिलं सांगणं हेच, की बोला. सर्जनला सांगा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्कीच सांगा.

सीटी साफ असला तरी कन्कशन, म्हणजे माराने मेंदूच्या कामात आलेला बिघाड, असू शकतं. स्कॅनमध्ये रक्त दिसतं, तुटलेलं हाड दिसतं. हा बिघाड दिसत नाही. रक्तदाब वरखाली झाला तरी मेंदूला रक्त सारखं पोचवण्याची शरीराची व्यवस्था कन्कशनच्या काळात ढिली पडलेली असू शकते, आणि भुलेत रक्तदाब उतरतो. म्हणून घाई नसलेलं ऑपरेशन लक्षणं जाईपर्यंत थांबवावं, असं बरेच भूलतज्ज्ञ म्हणतात. किती थांबायचं ते तुमची तब्येत पाहून तेच ठरवतील. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं. फुटलेलं अपेंडिक्स किंवा मोडलेला खुबा मात्र थांबत नाही. तिथे ऑपरेशन होतंच, पण भूलतज्ज्ञांना माराची माहिती असली तर रक्तदाबावर डोळा ठेवता येतो.

गावाहून निघताना डिस्चार्ज कार्ड, सीटीचा रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी हातातल्या बॅगेत ठेवा. तालुक्याच्या डॉक्टरांचा कागद इथे कोण बघतो, असं मनात आणू नका. महाडला राहूनच डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कागदावर माराची तारीख, शुद्ध हरपली होती का, उलट्या किती झाल्या, एवढं असलं तरी इथल्या डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. ऑपरेशनच्या आधीचे दिवस एक वही ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोन ओळी पुरेत: डोकं किती दुखलं, चक्कर आली का, उजेड-आवाज सोसला का, झोप कशी लागली, काय विसरलात. भुलेतून उठल्यावर मळमळ, गरगर, गुंगी कोणालाही होते. ती भुलेची, की डोक्यात काही नवं घडतंय, हे नर्सला ओळखायचं तर तुमचं आधीचं रोजचं दुखणं तिला ठाऊक हवं. आमच्यातल्या एका मावशींच्या सुनेने ही वही उशाशीच ठेवली होती. रात्रपाळीच्या नर्सने ती वाचली आणि हे दुखणं नेहमीपेक्षा वेगळं आहे म्हणत डॉक्टरांना लगेच बोलावलं. शिवाय कन्कशनमध्ये सांगितलेलं लक्षात राहत नाही. तपासणीला कोणाला तरी सोबत न्या, आणि सही करण्याआधी काय समजलं ते आपल्या शब्दांत सांगून दाखवा.

भाषेची अडचण असेल तर हॉस्पिटलचा दुभाषी मागा. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांत त्याचे पैसे पडत नाहीत, अमेरिकेतही सहसा पडत नाहीत. आधीच कळवा, आणि हिंदी चालेल म्हणू नका, मराठीच सांगा. आईबाबांचं बोलणं मुलगा भाषांतर करतो तेव्हा काळजीपोटी अर्धं गाळतो.

औषधांची यादी पूर्ण द्या. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल तर ते आधी सांगा. मनाने बंदही करू नका, चालूही ठेवू नका. गावच्या वैद्यांचे काढे, गोळ्या, चूर्णंही यादीत हवीत. डोकं दुखतं म्हणून रोज वेदनाशामक घेत असाल तर तेही लिहा, कारण त्यांच्या अतिवापरानेही डोकं दुखतं.

उपाशी राहण्याचा नियम आपल्याकडे गरजेपेक्षा कडक पाळला जातो. साधारणपणे जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या हॉस्पिटलच्या पत्रात जे असेल ते पाळा. दुधाचा चहा आणि सोलकढी ही पाण्यात मोडत नाहीत. निर्जळी करू नका. तहानेने आणि चहा सुटल्याने आधीच दुखणारं डोकं आणखी ठणकतं.

काही लक्षणांना ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहायची नाही. डोकेदुखी वाढत जाणं, वारंवार उलट्या, न उतरणारी गुंगी, झटका, हातपाय लुळे पडणं, बोलण्यात गोंधळ, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं यांतलं काहीही दिसलं की ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११. वयस्कर माणसात, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, रक्त हळूहळू साचून आठवड्यांनीही त्रास सुरू होतो. गावाहून आलेले आजोबा महिनाभराने असंबद्ध बोलू लागले तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

पूर्ण भुलेनंतर त्याच दिवशी घरी सोडायचं असेल तर रात्रभर सोबत कोणी मोठं माणूस आहे का, हे हॉस्पिटल विचारतंच. नसेल तर तारीख पुढे जाऊ शकते. तुम्ही इथे एकटे असाल तर आठवडाभर आधी आम्हाला कळवा. वही वाचून रात्र काढणारं कोणी ना कोणी आम्ही नक्की पाठवू.