तोतयाशी भांडत बसू नकोस

न्हावा शेवा,
रविवार, सकाळ

प्रिय बाय,


काल रात्री फोनवर तू रडत होतीस, मला धड काही बोलता आलं नाही. मागून तुझी आई 'नंबरच बदल, सगळे ग्रुप सोड' म्हणत होती आणि बाबा 'सापडू दे, बघून घेतो' म्हणत होते. म्हणून सावकाश लिहून पाठवतोय. वाचून होईपर्यंत फोनमधलं काहीही डिलीट करू नकोस.

मला समजलं ते असं. तुझं नाव आणि तुझा फोटो लावून कुणीतरी वेगळ्याच नंबरवरून आपल्याकडच्या नोकरीच्या ग्रुपांमध्ये शिरलंय. 'सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, माझी ओळख आहे, डेटा एन्ट्रीला लावून देते, फॉर्मचे पाचशे पाठवा,' असं पोरांना सांगतंय. कुणी शंका काढली, की तुझ्याच नावानं त्याला घाण बोलतंय. आणि तू काल दोन तास त्याच ग्रुपात त्याच्याशी भांडत बसलीस.

ते भांडण आजपासून बंद. बघणाऱ्याला एकाच फोटोच्या दोन मुली एकमेकींना खोटारडी म्हणताना दिसतात, त्यातली खरी कोण हे त्याला कसं कळणार? तू एकदाच लिही: 'माझा नंबर हा एकच आहे. दुसऱ्या नंबरवरून माझ्या नावानं पैसे मागितले तर देऊ नका.' मग अ‍ॅडमिनला फोन लाव. मेसेज नको, फोनच. आवाज ओळखीचा असतो.

मी तीस वर्षं कस्टम्सच्या कागदांत काढली, म्हणून तिथलंच सांगतो. कंटेनरवर चार अक्षरं असतात, मग सहा आकडे, आणि शेवटी चौकटीत एकटा आकडा. तो आधीच्या दहा खुणांवरून गणितानं काढलेला असतो. लिहिताना एखादा आकडा चुकला, की बहुतेक वेळा गणित जुळत नाही आणि चूक सापडते. पण मुद्दाम दुसऱ्या कंटेनरचा पूर्ण नंबर रंगवला, तर ते गणित बिनतक्रार जुळतं. ती चौकट चूक पकडते, लबाडी नाही. प्रोफाइलच्या फोटोचंही तसंच आहे. म्हणून कंटेनरचं आम्ही सील बघतो. सीलचा नंबर कागदाशी जुळला नाही, तर नवखा माणूस आधी दार उघडायला धावतो. जाणता हात लावत नाही. आहे तसा फोटो काढतो, वेळ लिहितो, सर्व्हेअरला आणि कस्टम्सला बोलावतो. एकदा सील तुटलं, की आत काय होतं हे कुणी सिद्ध करू शकत नाही.

तुझं सील म्हणजे ते मेसेज. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं नाव दिसून उपयोग नाही, नाव तर तुझंच आहे. त्याच्या प्रोफाइलवर जा, नंबर किंवा युजरनेम दिसेल असा फोटो घे. ग्रुपचं नाव, तारीख, वेळ दिसू दे. ज्यांनी पैसे पाठवले त्यांच्याकडून यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा क्रमांक घे. तिथूनच माग लागायची आशा जास्त. चॅट एक्स्पोर्ट करून ठेव, आणि हा फोन विकू नकोस, फॉरमॅट करू नकोस. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, पोळून सांगतोय. बंदर १९८९ साली सुरू झालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत कुणीतरी माझ्या नावानं एका कार्यालयात अर्ज टाकला, की शेजाऱ्यानं जमिनीची भरपाई खोटं सांगून घेतली. खाली माझी सही, आणि सहीखाली ओढलेली लांब रेघ. मी जन्मात सहीखाली रेघ ओढली नाही. शेजाऱ्यानं अर्जाची मिळालेली प्रत माझ्यासमोर धरली, तेव्हा मी संतापानं ती टराटरा फाडली. ती रेघ हाच माझा पुरावा होता. वर आठ दिवस गावभर ओरडत फिरलो, पण शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो नाही. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

तोतया हा शब्द तू शाळेत ऐकला असशील. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे एक जण 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तो खोटा ठरला, कैदेत पडला. तरी १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदारानंच त्याला बाहेर काढलं आणि कोकणातले बरेच किल्ले त्याच्या नावानं उघडले. महादजी शिंदे आणि पानशांच्या फौजेनं त्याला मोडलं, रघूजी आंग्र्यांनी धरलं, पुण्यात तो मारला गेला. चौकशीत खोटा ठरलेल्या माणसामागे इतके लोक गेले कसे? मला वाटतं, भाऊ परत यावेत ही इच्छा लोकांच्या पोटात होती. तोतया नाव उसनं घेतो, पण चालतो तो लोकांच्या आशेवर. आपल्या भागात जमिनी गेलेल्या घरांतल्या पोरांची आशा कसली, हे तुला मी सांगायला नको. पाचशे रुपये देणारा मूर्ख नाही, अडलेला आहे.

म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. चार-पाच जणांची नावं तुला कळली आहेत ना? त्यांच्या घरी जा, आईला सोबत घे. 'मी ती नाही, पण तुमचे पैसे माझ्या नावावर गेलेत, आपण मिळून तक्रार करू,' म्हण. त्यांना १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला लाव. पैशाच्या बाबतीत जितका उशीर तितके ते हातातून जातात. या कामात मला सगळ्यात मोल वाटतं ते याच फेरीचं. मी ती केली नव्हती.

तुझ्याकडची तक्रार वेगळी. अ‍ॅपमध्ये त्या खात्याचा रिपोर्ट कर आणि त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लिही. सरकारनं २०२१ च्या नियमांत, दुसऱ्याचं रूप घेऊन टाकलेल्या मजकुराबद्दल त्या व्यक्तीची तक्रार आली, की कंपनीनं २४ तासांत पावलं उचलावीत असं घातलं होतं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद कर. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ क दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे, ६६ ड तोतयेगिरीनं फसवण्याबद्दल. दोन्हींत ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेत ३१९ आहे, त्यात ५ वर्षांपर्यंत. अर्जात कलमं तू लिहिलीच पाहिजेत असं नाही, घडलं ते तारीखवार लिही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुझ्या नावानं किती सिमकार्डं आहेत तेही बघून घे, आणि व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन लाव.

आणखी एक. तुझा संशय ज्या मैत्रिणीवर आहे, तिचं नाव ग्रुपात घेऊ नकोस, घरीही मोठ्यानं घेऊ नकोस. पोलिसांना सांग, का वाटतं तेही सांग. ती निर्दोष निघाली तर आज तुझ्यावर आलंय ते उद्या तुझ्या हातून तिच्यावर जाईल. बाबांनाही आवर.

उद्या मी अर्धा दिवस सुट्टी घेतली आहे. तू लोकलनं इथल्या स्टेशनला उतर, साडेदहाला मी बाहेर उभा असेन. तिथून पोलीस ठाण्यात जाऊ. आधार, स्क्रीनशॉटच्या दोन रंगीत प्रती आणि तो फोन घेऊन ये, चार्ज करून.

तुझा,
मामा