सहलीची गाडी : आधी पाटी, मग भाडे

सुट्टी लागली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर व कल्याण परिसरातील कुटुंबे एकत्र येऊन गाडी ठरवतात. कोणी खुलताबादला जातो, कोणी अजमेरला, तर कोणी कोकणातील आपल्या गावी. विठ्ठलवाडीत रेल्वे स्थानक आहे, एस.टी.चे आगार आहे. तरीही वृद्ध, मुले व सामान घेऊन बारा जणांना निघायचे तर स्वतंत्र गाडी सोयीची पडते. मात्र मीटरभर कापड घेताना चारदा पारखणारे आपले बांधव गाडी ठरवताना एकच प्रश्न विचारतात : "किलोमीटरला किती?" हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न गाडीच्या पाटीचा आहे.

पाटी काय सांगते?

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे भाड्याने चालवण्याचा परवाना असलेली गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे ग्राहकाने स्वतः चालवायची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असतील तर ती खासगी गाडी होय; ती भाड्याने देता येत नाही. विजेवरील गाड्यांच्या हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर ती भाड्याची, पांढरी असली तर खासगी.

खासगी गाडीचा विमा खासगी वापरासाठीच असतो. भाडे घेऊन प्रवासी नेले हे उघड झाले तर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते. अपघातग्रस्ताला कंपनीने रक्कम दिली तरी ती गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. परवान्याविना प्रवासी वाहतुकीसाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड व कैदेचीही तरतूद आहे.

स्वस्ताईचा हिशेब

एक उदाहरण मांडू. समजा, १२ जणांची तीन दिवसांची सहल आहे व गाडी प्रत्यक्षात ७२० किलोमीटर धावणार आहे. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. म्हणजे आकारणी ९०० किलोमीटरची. दर २५ रुपये धरला तर २२,५०० रुपये, चालकाचा भत्ता रोज ४०० प्रमाणे १,२००. एकूण २३,७०० रुपये. शेजारचा एखादा पांढऱ्या पाटीची गाडी १७,४०० रुपयांत देतो. वाचले ६,३००, म्हणजे माणशी ५२५ रुपये. एवढ्यासाठी बारा माणसांच्या डोक्यावरचे विम्याचे छत्र काढायचे काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

गाडी देणाऱ्या बांधवांसाठी

मालाची ने-आण करण्यासाठी घेतलेली गाडी ओळखीच्यांना सुट्टीत भाड्याने देणारे दुकानदार व कारागीरही आहेत. चार पैसे मिळतात हे खरे. पण एका अपघाताने वर्षानुवर्षांची कमाई वसुलीत जाऊ शकते. हा धंदा करायचाच असेल तर कल्याणच्या परिवहन कार्यालयात गाडीची नोंद व्यावसायिक म्हणून करून, परवाना व योग्य विमा घेऊन करावा. अजमेरसारखा परराज्याचा प्रवास असेल तर अखिल भारतीय पर्यटन परवाना लागतो.

युरोपात काय रीत आहे?

मुले नोकरीनिमित्त युरोपात गेल्यामुळे काही कुटुंबे तिकडेही एकत्र फिरतात. तिथे मोटारीच्या साध्या परवान्यावर चालकासह ९ आसनांपर्यंतचीच गाडी चालवता येते. बारा जण असतील तर दोन गाड्या घ्याव्यात किंवा चालकासह बस. भारतीय परवानाधारकाने निघण्यापूर्वी परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. त्याची मुदत एक वर्ष असते. गाडी देणारी कंपनी बहुधा मुख्य चालकाच्या क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवते. दुसऱ्या देशात गाडी न्यायची तर तिची परवानगी आधी घ्यावी. स्वित्झर्लंडच्या महामार्गासाठी ४० फ्रँकचे वार्षिक पथकर चिन्ह लागते. गाडी ताब्यात घेतानाच प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढावे. ही सवय आपल्याकडेही उपयोगी आहे.

बसचालकाच्या विश्रांतीबाबत तिकडचा नियम कडक आहे. २००६ च्या युरोपीय नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटे विश्रांती सक्तीची आहे. आपल्याकडेही १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने सलग ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पण "रातोरात पोहोचव" असा आग्रह आपणच धरतो. नमाज व जेवणाचे थांबे आधीच आखले तर चालकालाही आपोआप विसावा मिळतो.

कागदावर काय असावे?

विसार देण्यापूर्वी पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात :

१. गाडीचा क्रमांक व नोंदणीतील आसनसंख्या. मुलांनाही मोजावे.
२. विमा, परवाना व योग्यता प्रमाणपत्राची मुदत सहल संपेपर्यंत आहे काय.
३. किलोमीटर गाडीच्या ठिकाणापासून मोजणार की आपल्या दारापासून.
४. पथकर, पार्किंग, रात्रीचा भत्ता कोणाकडे.
५. गाडी वाटेत बिघडली तर दुसरी कोण देणार.
६. सहल रद्द झाली तर विसारापैकी किती परत.

ओळखीच्या माणसाशी लिहून ठेवायला संकोच वाटतो. पण बहुतेक भांडणे ओळखीच्यांतच होतात, आणि ती तोंडी ठरलेल्या गोष्टींवरूनच होतात. लिहिलेल्या कागदाने भाडेकरूचा पैसा वाचतो, गाडीवाल्याचा हक्क राहतो आणि दोघांचे संबंधही टिकतात.