नोकरी सोडताना करारपूर्ती

धाराशिवहून पुण्यास नोकरीसाठी गेलेल्या तरुणास कामाचा ताण असह्य होतो, दुसरी नोकरी मिळते. मग नोटीस न देताच निघावे काय?

कुरआन (5:1) करार पाळण्याची आज्ञा देतो. नियुक्तिपत्रात मान्य केलेली नोटीसही करारच होय. हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांनी मदयनमध्ये आठ वर्षे चाकरीचा करार केला, दहा स्वेच्छेवर ठेवली (28:27). इब्ने अब्बास (रजि.) सांगतात, त्यांनी अधिक मुदतच पूर्ण केली.

मात्र इस्लाम जुलूम सोसण्याची सक्ती करीत नाही. सबळ कारण, म्हणजे उज्र असल्यास, हनफी फिकहनुसार चाकरीचा करार मोडता येतो. आजाराने अंथरूण धरलेल्याने लगेच निघावे. केवळ ताण असेल, तर बंधूंनो, नव्या मालकाकडे मुदत मागा, हातातील काम सोपवा, मगच निघा.