पट्टीवरचं साल म्हणजे बंदुकीचं साल नव्हे

देवळाली प्रवऱ्यात आमच्या नात्यातल्या एका घरी एक जुनी, निकामी बंदूक आहे. ‘सत्तावन्नच्या बंडातली’ अशी तिची ख्याती. एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने त्यावर कडी केली. पितळी पट्टीवरच्या आकड्याला त्याने कारखान्याचा अनुक्रमांक ठरवलं, ‘बीएसए कंपनीचं पहिल्या वर्षातलं उत्पादन’ असा कागद लिहून दिला आणि फी घेऊन गेला. मग मी एकेक छाप तपासत बसलो.

घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर 1861 आणि ‘टॉवर’. सत्तावन्न तिथेच बाद. ‘टॉवर’ हे कारखान्याचं नाव नव्हे. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांनी सरकारी ठेक्यावर केलेल्या एन्फिल्ड बंदुकांवरही ते असे. बीएसए, जिची सायकल आपण चालवली आणि जिच्या बोधचिन्हात तीन बंदुका आहेत, ती 1861 साली स्थापन झाली हे खरं. पण कंपनी नोंदली म्हणजे माल बाहेर पडला असं नाही. कारखाना उभा राहायलाच पुढचा काळ गेला.

नळीच्या मागे बिजागरीचं झाकण होतं. ही स्नायडर नावाची रचना. ठासणीच्या एन्फिल्डना ती 1866 पासून बसवली गेली. म्हणजे पट्टी एका सालची आणि बंदुकीचं आजचं रूप दुसऱ्या सालचं. राहिला पितळी पट्टीवरचा आकडा, तो पलटणीने दिलेला. या बंदुकांना कारखाना अनुक्रमांक देत नसे.

तुमच्या घरी अशी वस्तू असेल तर:

आधी कायदा. केवळ जुनी म्हणून सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही डागता येणार नाही अशा शस्त्रापुरती आहे. कलेक्टर कचेरीच्या परवाना शाखेत विचारा.

घासूनपुसून चकचकीत करू नका. दस्त्याच्या पितळी पट्टीला चिंच लावली की पलटणीचा छाप पुसट होतो, पॉलिश पेपरने लोखंडावरचा.

प्रत्येक छापाचा तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि तो कुठल्या भागावर आहे ते लिहा. पट्टी, नळी, दस्ता यांची सालं वेगवेगळी मांडा.

कंपनीच्या स्थापनेचं साल वस्तूला चिकटवू नका. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या लष्करी नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे विचारताना फोटोच कामी येतात.

आणि कोणी साल सांगितलं, तर ‘कुठल्या छापावरून?’ एवढंच विचारा. बोट ठेवून दाखवता आलं नाही, तर फी खिशातच राहू द्या.