आसाफाची तक्रार
पाठ : स्तोत्रसंहिता ७३

खरे बोलणाऱ्याचे पीक जळून जावे आणि खोटी साक्ष देणाऱ्याच्या कणग्या भराव्या, हे पाहून कोणाचे मन डळमळत नाही? दावीद राजाने कराराच्या कोशापुढे गायनसेवेस मुख्य नेमिलेला आसाफ, त्याचेही डळमळले. दुर्जनांची भरभराट पाहून त्यास हेवा वाटला. आपले निर्मळ वर्तन फुकट गेले, असे त्याच्या मनात आले.

त्याने काय केले, ते ध्यानात घ्यावे.

१. आपला संशय त्याने चारचौघांत पसरविला नाही, तसे करणे हा देवाच्या लेकरांचा घात होय, हे त्याने जाणले (व. १५).

२. तो देवाच्या पवित्रस्थानी गेला (व. १७). तेथे दुर्जनांचा शेवट त्यास उमगला. त्याचे स्वतःचे दुःख त्याच दिवशी सरले, असे स्तोत्रात कोठेही नाही. परंतु देवाने आपला हात धरिला आहे, हे त्यास कळले, आणि तेवढे त्यास पुरले.

न्याय मागण्यास मनाई नाही, पौलानेही कैसराजवळ दाद मागितली (प्रे. कृ. २५ : ११). मात्र अन्याय झाला म्हणून कोणी उपासना सोडू नये. गाऱ्हाणे असेल, तर ते घेऊनच यावे.

विचारासाठी प्रश्न : शेजाऱ्यास सांगितलेले, परंतु देवास अद्याप न सांगितलेले असे माझे कोणते गाऱ्हाणे आहे?