जन्म हितं, नांदणं तिकडं : कणकुंबी या डोंगरगावाचा अभ्यास

मी निपाणीचा. आमच्याकडं डोंगर म्हणजे लांबून दिसणारी निळी रेघ. काळी जमीन, तंबाखू, ऊस, यमगर्णीच्या पुलाखालची वेदगंगा, हा माझा भूगोल. चौथ्या सेमिस्टरला 'एका गावाचा अभ्यास' असा प्रकल्प मिळाला, तेव्हा मी आपलंच गाव घेणार होतो. सर म्हणाले, "तुला जे माहीत आहे तेच परत लिहून काय शिकणार? गाव लहान घे, पण प्रश्न मोठा घे." म्हणून मी खानापूर तालुक्यातलं कणकुंबी घेतलं. मे महिन्यात एकदा आणि जुलैत एकदा जाऊन आलो. त्या दोन फेऱ्यांत जे समजलं ते मंडळाच्या मित्रांसाठी लिहितोय.

गाव कुठं आहे?

बेळगावातून पिरनवाडी, किणये, जांबोटी असा गोव्याचा रस्ता धरायचा. जांबोटीनंतर झाडी दाट होत जाते, माती तांबडी होते आणि साधारण पन्नास किलोमीटरवर कणकुंबी येतं. पुढं चोर्ला घाट उतरला की साखळी आणि मग पणजी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या अगदी माथ्याला आहे. गोव्याची हद्द जवळ आणि महाराष्ट्रातला दोडामार्ग तालुकाही फार लांब नाही.

इथली जमीन जांभ्याची. शेतात मुख्यतः भात आणि नाचणी, आणि घरांभोवती फणस, काजू, रातांबे. घरांची कौलारू छपरं चांगलीच उतरती असतात. कारण काय, ते जुलैत गेलो तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलीमीटर पाऊस पडतो. याच तालुक्यातल्या आमगावात २०१० साली १०,००० मिलीमीटरच्या वर पावसाची नोंद झाली होती. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. पूर्वेकडं सरकावं तसा पाऊस घटत जातो. आपला एकच जिल्हा, पण एका टोकाला पावसानं माणूस घराबाहेर पडू शकत नाही आणि दुसऱ्या टोकाला आभाळाकडं बघत बसतो.

छपराचं आढं

भूगोलात 'जलविभाजक' हा शब्द मी दोन वर्षं पाठ केला होता. तो समजला कणकुंबीत. घराच्या छपराचं आढं डोळ्यांसमोर आणा. आढ्याच्या अलीकडं पडलेला थेंब पुढच्या अंगणात उतरतो, पलीकडं पडलेला मागच्या परसात. कणकुंबी हे असंच आढं आहे.

गावातल्या माउली आणि रामेश्वर मंदिरांजवळ मलप्रभा नदीचा उगम आहे. बारा वर्षांनी इथं माउलीची मोठी यात्रा भरते. मलप्रभा पूर्वेला निघते. हब्बनहट्टीच्या मारुतीला, जो पावसाळ्यात पाण्याखाली जातो, आणि खानापूरला ओलांडून ती सौंदत्तीला पोचते. आपल्या भागातली कितीतरी घरं यल्लम्माच्या डोंगराला जातात, पण त्या डोंगराजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठलेलं पाणी कणकुंबीहून आलेलं असतं, हे किती जणांच्या ध्यानात येतं? हुबळी-धारवाडच्या नळांनाही याच धरणाचं पाणी जातं. पुढं पट्टदकल, ऐहोळे करत सुमारे ३०४ किलोमीटर वाहून मलप्रभा कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला.

त्याच गावाजवळचा कळसा नाला मात्र पश्चिमेला वळतो. त्याचं पाणी म्हादईत, म्हणजे गोव्यातल्या मांडवीत जातं आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळतं. एका बाजूचा समुद्र हजार किलोमीटरहून लांब, दुसऱ्या बाजूचा सरळ रेघेत पन्नासेक किलोमीटरवर. पावसाचा थेंब चार पावलं इकडं पडला की तिकडं, एवढ्यावर त्याचा समुद्र ठरतो.

गाव हललं नाही, हद्दी हलल्या

कणकुंबीचा इतिहास शोधायला गेलो तर राजवाडा नाही, मोठी लढाई नाही. पण हा परिसर इतिहासाच्या वाटेवरच होता. याच तालुक्यातली हलशी ही कदंबांची राजधानी होती. जंगलातला भीमगड किल्ला शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगीजांवर लक्ष ठेवायला बांधला असं सांगतात. कोकणातून घाटावर यायच्या वाटा याच डोंगरांतून चढतात.

आता गेल्या शे-दीडशे वर्षांकडं बघा. गाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि घाटाखाली पोर्तुगीजांचं राज्य. म्हणजे चोर्ल्याची हद्द ही दोन देशांची हद्द होती. १९४७ साली स्वातंत्र्य आलं, तरी घाटाखाली पोर्तुगीजच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि देशाची हद्द पुसली गेली. १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. माणसं त्याच घरात, तीच भातशेती, तीच माउली, आणि एका आयुष्यात एवढ्या पाट्या बदललेल्या. आपण सीमाभागातली मुलं हे ऐकतच वाढलो, पण निपाणीत आणि बेळगावात आपण सीमा म्हणजे भाषेची असंच धरून चालतो. कणकुंबीत मला दिसलं की मातीचीही एक सीमा असते आणि ती कुठल्या आयोगानं आखलेली नसते.

बोलीतही या ठिकाणाची खूण आहे. पाऊस सुरू झाला की मी म्हणतो, "पाऊस यायलाय." माझा बेळगावचा रूममेट म्हणतो, "येऊलालाय." कणकुंबीत एक आज्जी म्हणाल्या, "पाऊस येता." मराठीच, पण खालून कोकणीचं वारं लागलेली. पाटी कन्नड, घरात मराठी, मुलगा कामाला गोव्यात, हे तिथं कुणाला नवल वाटत नाही.

पाण्याचा वाद

आता सरांनी सांगितलेला मोठा प्रश्न. मलप्रभेचं धरण भरत नाही, म्हणून पश्चिमेला जाणारं कळसा आणि भांडुरा नाल्यांचं पाणी पूर्वेला वळवायचं, अशी कर्नाटकची योजना. २००६ साली कामाला सुरुवात झाली आणि कणकुंबीजवळ कालवा खोदला गेला. गोव्यानं हरकत घेतली. केंद्रानं २०१० साली म्हादई जलविवाद लवाद नेमला. १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला : गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ टीएमसी विजेसाठी, १.५ टीएमसी म्हादईच्या खोऱ्यातच वापरायला, आणि मलप्रभेकडं वळवायला कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८, मिळून ३.९. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर.) तरीही वाद मिटला नाही, तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

या वादात कुणालाही खलनायक ठरवणं सोपं नाही. नरगुंद, नवलगुंदचा शेतकरी २०१५ साली रस्त्यावर बसला तो हौसेनं नाही, त्याच्या नदीला पाणी नव्हतं. गोव्याची भीतीही खोटी नाही. नदीचं गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी खाडीतून आत सरकतं, आणि म्हादई तिथल्या जंगलाची आणि पिण्याच्या पाण्याची नदी आहे. दोघांच्या मध्ये आहे कणकुंबी. टीएमसीच्या त्या आकड्यांत मी गावाचं नाव शोधत राहिलो.

मे महिन्यात उगमाजवळची मलप्रभा बघितली तेव्हा मी खरंच थबकलो. एवढ्या पावसाच्या गावात नदी म्हणजे बारीक धार. कारण साधं आहे. पाऊस चार महिन्यांचा, उतार तीव्र, आणि जांभ्याला भोकं. पाणी थांबवतं ते जंगल. पानांचा थर, मुळं, सावली यांमुळं पाणी सावकाश मुरतं आणि सावकाश झऱ्यांतून बाहेर येतं. झाडं गेली तर जुलैत पूर आणि मार्चमध्ये कोरडा खडक. तेव्हा वळवायला तरी काय राहील? भांडण पूर्वेचं असो की पश्चिमेचं, पाण्याची पेटी आहे हे जंगल. २०११ साली जवळच सुमारे १९० चौरस किलोमीटरचं भीमगड अभयारण्य जाहीर झालं. पण जंगल राखायचं तर जंगलातल्या गावांनी रस्ता, दवाखाना, वीज यांवाचून राहायचं का, हा प्रश्न उरतोच. त्याचं सोपं उत्तर माझ्याकडं नाही.

त्याच आज्जींना मी विचारलं, "एवढी मोठी नदी तुमच्या दारात, मग पाणी विहिरीचंच भरता?" त्या घागर टेकवून म्हणाल्या, "नदी हितं जन्मता, बाळ, राहत नाय. लेकीसारखी. जन्म हितं, नांदणं तिकडं." मग थोडं थांबून, "पण लेकीच्या माहेराला कोण तरी इचारतं. आमाला कोण इचारतं?"

माझ्या पन्नास पानांच्या प्रकल्पात यापेक्षा नेमका प्रश्न दुसरा नाही. वाटणीच्या चर्चेत उगमाकडच्या माणसांना जागा असावी, आणि जंगल राखण्याची किंमत एकट्या त्यांनीच मोजू नये, एवढं मात्र मला पटलं.

तुमच्यासाठी

प्रत्येकानं सुट्टीत आपल्या गावाला तीन प्रश्न विचारावेत. आपल्या नळाचं पाणी कुठून निघतं? आपलं सांडपाणी कुठं जातं? या दोन टोकांना कोण राहतं? उत्तरं घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, त्यांच्याच बोलीत लिहून आणा. मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकत्र वाचू.

मी सुरुवात करून ठेवलीय. माझ्या निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेला मिळते, दूधगंगा कृष्णेला. आणि कृष्णेला कुडलसंगमला कोण भेटतं, ते वर लिहिलंच आहे. परक्या गावाचा अभ्यास करायला गेलो होतो. निघालं ते आमच्याच नदीचं माहेर.