‘जीटीए’मध्ये रोलप्लेची सुरुवात

प्रश्न : ‘जीटीए ५’मध्ये रोलप्ले करायचा असल्यास तयारी काय लागते?

उत्तर : रोलप्लेमध्ये जिंकणे-हरणे नसते, एक पात्र घेऊन त्याच्यासारखे बोलायचे-वागायचे असते. यासाठी संगणकावर मूळ ‘जीटीए ५’, खेळाडूंनी चालवलेल्या सर्व्हरवर खेळू देणारे ‘फाइव्हएम’ हे मोफत सॉफ्टवेअर आणि बरा माइक लागतो. ‘फाइव्हएम’ बनवणारा चमू २०२३ मध्ये ‘जीटीए’ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीत सामील झाला. गेम प्रौढांसाठी असल्याने अनेक सर्व्हर १८ वर्षांखालच्यांना घेत नाहीत.

काही सर्व्हर सर्वांना खुले असतात, तर काहींवर आधी अर्ज आणि मुलाखत असते. दोन्हीकडे नियमावली वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्ट्रीमवर किंवा डिस्कॉर्डवर कळलेली गोष्ट पात्राच्या तोंडी घालणे म्हणजे मेटागेमिंग. समोरच्याला प्रतिसादाची संधीच न देता कृती लादणे म्हणजे पॉवरगेमिंग. दोन्हींना बंदी असते.

पहिले पात्र साधे असावे. टो-ट्रक चालक किंवा मेकॅनिक घेतल्यास गिऱ्हाइकांमुळे ओळखी आपोआप होतात. पात्राला नाव, गरज आणि एखादी खोड पुरते. न दिसणारी कृती ‘/me’ या आज्ञेने लिहितात : पोलिसाने गाडी अडवली की ‘/me थरथरत्या हाताने लायसन्स पुढे करतो’. पोलीस ते हातात घेतो, कंप हेरतो आणि डिकी उघडायला सांगतो. प्रसंग पुढे सरकतो.

वाद झाल्यास भूमिका मध्येच सोडू नये. प्रसंग पूर्ण करावा, चित्रफीत जपावी आणि नंतर व्यवस्थापकांकडे तक्रार करावी.